अ सेपरेट पीस

अमेरिकन लेखक जॉन नोल्स (१९२६–२००१) यांची पहिली कादंबरी. १९५९ मध्ये ती लंडनमध्ये आणि १९६० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. न्यू हॅम्पशरमधील डेव्हन या मुलांच्या निवासी शाळेत १९४२ च्या उन्हाळ्यात कथानक सुरू होते. ही काल्पनिक शाळा नोल्स स्वतः जिथे शिकले त्या फिलिप्स एक्झेटर अकॅडमीवर बेतलेली आहे. दुसरे महायुद्ध पेटलेले असून वरच्या वर्गातील मुले सैन्यभरतीची तयारी करीत आहेत.

निवेदक जीन फॉरेस्टर अभ्यासात हुशार, तर त्याच्या खोलीत राहणारा जिवलग मित्र फिनीअस ऊर्फ फिनी हा अव्वल खेळाडू. पोहण्याचा शाळेतील विक्रम फिनी सहज मोडतो आणि ‘कुणाला सांगू नकोस’ असे जीनला बजावतो. या निरिच्छपणाने जीन दिपून जातो, आणि तेच त्याला खुपू लागते. त्यात फिनीसोबत समुद्रकिनारी रात्र काढून परतल्यावर तो त्रिकोणमितीच्या चाचणीत नापास होतो. आपला पहिला नंबर हुकावा म्हणूनच फिनी आपल्याला सारखा अभ्यासातून उठवतो, अशी त्याची खात्री पटते. गंमत म्हणजे या समजुतीने त्याला दिलासाच मिळतो. दोघेही एकमेकांवर जळत असतील तर हिशेब बरोबरीचा.

हा हिशेब मोडतो तो फिनीच्या एका साध्या बोलण्याने. जीनला अभ्यास करावाच लागत नाही, हुशारी त्याच्या अंगचीच आहे, असे फिनीला मनापासून वाटत असते. त्याच्या मनात कधी हेवा नव्हताच, हे जीनला तेव्हा उमगते. मत्सरापेक्षाही हा उलगडा त्याला असह्य होतो. कादंबरीचे मर्म इथेच आहे. लगेच दोघे नदीकाठच्या झाडावर चढतात, जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते आणि फिनी खाली पडून त्याचा पाय मोडतो. जीनने हे मुद्दाम केले का, याचे सरळ उत्तर नोल्स देत नाहीत. कृतीचा कर्ता जणू जीन नसून त्याचे गुडघेच असावेत, अशी ती वाक्यरचना आहे.

अपघातानंतर जीन फिनीचा गुलाबी शर्ट घालून आरशासमोर उभा राहतो आणि त्याला स्वतःत फिनी दिसतो. फिनीही, स्वतःला खेळता येणार नाही म्हणून, १९४४ च्या ऑलिंपिकसाठी जीनला तयार करू लागतो. (युद्धामुळे ती स्पर्धा झालीच नाही.) जीनची कबुली मात्र तो मानायला तयार नसतो. पुढे मुलांनी भरवलेल्या खोट्या खटल्यात सत्य उघडे पडते, संतापून निघालेला फिनी संगमरवरी जिन्यावरून कोसळतो आणि हाड बसवताना मज्जा हृदयात गेल्याने मरण पावतो.

युद्धाची पार्श्वभूमी काही ठिकाणी ओढूनताणून जोडल्यासारखी वाटते. दोन मुलांमधील ताण मात्र कुठेही सैल पडत नाही. कादंबरीला विल्यम फॉकनर फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. अमेरिकेतील अनेक माध्यमिक शाळांत ती शिकवली जाते. १९७२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि १९८१ मध्ये नोल्स यांनी ‘पीस ब्रेक्स आउट’ ही कादंबरी याच शाळेच्या पार्श्वभूमीवर, पण नव्या पात्रांसह लिहिली.