अळीमिळी गुपचिळी : ऑनलाइन लिलावातले शेरे आणि त्यांची उट्टी

२००७ सालची गोष्ट. बेळगावच्या टिळकवाडीत आरपीडी क्रॉसजवळच्या एका इंटरनेट कॅफेत बसून मी जुन्या नाण्यांच्या लिलावात बोली लावत असे. एक दुदांडी शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं होतं, फोटोत तरी. ६७० रुपयांना मला सुटलं. डीडी काढून पाठवला, अकराव्या दिवशी रजिस्टर पार्सल आलं. नाणं तळहातावर घेतलं आणि मन खट्टू झालं. शिवराई ठोकून पाडलेली असते. अक्षरं कुठे उठलेली, कुठे चेपलेली असतात, पण तांबं एकजीव असतं. हिच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे, आणि कडेवरून नख फिरवलं की एक सांधा लागत होता. म्हणजे साच्यात ओतलेली, वर तपकिरी रंग चढवून म्हातारी केलेली.

मी शेरा लिहायला बसलो तेव्हा कॅफेवाले मामा मागून म्हणाले, "लिहू नको बघ. तो बी लिवतोय की तुझ्यावर." मी लिहिलं : नाणं ओतीव आहे. एवढंच. तासाभरात माझ्या खात्यावर इंग्रजीत लाल शेरा पडला. गिऱ्हाईक भांडकुदळ, पैसे बुडवतं, सांभाळून राहा. पैसे तर मी नाणं निघायच्या आधीच भरले होते! त्याच्या नावावर १४०० च्या वर चांगले शेरे, माझ्या नावावर २३. एका लाल शेऱ्याने त्याचा केसही वाकडा झाला नाही, माझे मात्र शंभर टक्क्यांचे शहाण्णव झाले. मग त्याचा निरोप आला, तू तुझा काढ, मी माझा काढतो. दोघे राजी असतील तर दोन्ही शेरे मागे घ्यायची सोय तेव्हा होती. मी काढला. त्याचं पान पुन्हा धुतल्या तांदळासारखं स्वच्छ, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला माझं म्हणणं दिसायचा प्रश्नच उरला नाही.

ही तडजोड मी एकट्याने केली असं नाही. ऑनलाइन लिलावाच्या पहिल्या बारा वर्षांचा बराचसा इतिहास या एका सौद्यात मावतो.

पिएर ओमिद्यार या प्रोग्रामरने सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ऑक्शनवेब नावाची साइट सुरू केली. तीच पुढे ईबे झाली. पहिली विक्री एका बिघडलेल्या लेझर पॉइंटरची, १४.८३ डॉलरना. विकणारा आणि घेणारा एकमेकांना कधी भेटणार नाहीत, आणि मधे दुकान असं काही नाहीच. खडेबाजारात कुणी खोटं कापड दिलं तर उद्या त्याच दुकानावरून आपल्याला जायचं असतं, आणि आपण तिथे चारचौघांत काय बोलू याचा त्यालाही धाक असतो. इथे ते काहीच नव्हतं. भांडणं झाली की दोन्हीकडचे लोक ओमिद्यारलाच मेल करत. त्या तक्रारी निस्तरता निस्तरता त्याने फेब्रुवारी १९९६ मध्ये तोडगा काढला : फीडबॅक फोरम. बहुतेक माणसं प्रामाणिक असतात, थोडी नसतात. कुणी चांगला वागला तर उघड कौतुक करा, तक्रार असेल तर तीही उघड मांडा, असा त्याने साइटवर लिहिलेल्या पत्राचा आशय होता. चांगल्या शेऱ्याला अधिक एक, वाईटाला उणे एक, मधल्याला शून्य. बेरीज नावापुढे कंसात.

कल्पना साधी होती आणि चालली. किती चालली याचा एक नमुना पुढे प्रयोगातूनच मिळाला. संशोधक पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्याला हाताशी धरलं. तसाच माल त्याने आपल्या जुन्या नावाने आणि कोऱ्या नव्या नावांनीही विकला. जुन्या नावाला सरासरी ८.१ टक्के जास्त भाव आला. माणूस तोच, माल तसाच. पत नावाला होती.

जिथे पतीला भाव येतो तिथे खोटी पतही बाजारात येतेच. सुरुवातीला कुणीही कुणावरही शेरा मारू शकत असे, व्यवहार झालेला असो वा नसो. ते नंतर बंद करून शेरा सौद्याला बांधला गेला. मग साखरपेरणी सुरू झाली. एक-एक सेंटच्या फुटकळ वस्तू विकून शेकडो चांगले शेरे गोळा करायचे आणि नाव झालं की महागडा माल लावून पसार व्हायचं. २००० साली गाजलेलं चित्राचं प्रकरण तर एका टोळीचं होतं. मोठ्या अमूर्त चित्राची बोली २५ सेंटवर सुरू झाली आणि एका नामवंत चित्रकाराचं काम असावं अशा समजुतीने १,३५,८०५ डॉलरवर गेली. विक्रेत्याने स्वतःच्याच मालावर बोली लावल्याचं दिसल्यावर ईबेने विक्री रद्द केली. मग कळलं की काही जण वेगवेगळ्या नावांनी एकमेकांच्या बोल्या चढवत होते आणि एकमेकांची स्तुतीही लिहीत होते. पुढच्या वर्षी गुन्हे दाखल झाले. आपलाच माणूस गर्दीत उभा करून बोली वाढवणं जनावरांच्या बाजाराला नवं नाही. फरक इतकाच, की बाजारात तो माणूस कुणाच्या गाडीतून उतरला हे चहावाल्याला ठाऊक असतं.

लबाडीचा हा भाग तसा सरळ आहे. मला जास्त मोठा वाटतो तो दुसरा, गप्प बसण्याचा. रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९९९ मधले ईबेचे व्यवहार तपासले. निम्म्याहून थोड्या जास्त गिऱ्हाइकांनी शेरा दिला होता. त्या शेऱ्यांपैकी ९९.१ टक्के चांगले आणि ०.६ टक्के वाईट, म्हणजे हजारात सहा. हजार गिऱ्हाइकांत फक्त सहा नाराज असतील असा बाजार जगात कुठे असेल तर मला तिथे राहायला जायचंय.

आकडे इतके गोड का, याचं एक मोठं कारण उट्टं. दोघांनी एकमेकांवर शेरा द्यायचा, पण एकाच वेळी द्यायचा असं बंधन नव्हतं. गिऱ्हाइकाने पैसे भरले की त्याचं काम संपलं, तेव्हा न्यायाने विक्रेत्याने लगेच चांगला शेरा द्यायला हवा. हुशार विक्रेते तो देतच नसत. आधी तू दे, मग मी देतो. गिऱ्हाइकाचा शेरा असा ओलीस राही. गॅरी बोल्टन, बेन ग्राइनर आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर या शेऱ्यांच्या वेळा तपासल्या. बिनसलेल्या व्यवहारात विक्रेत्याचा वाईट शेरा गिऱ्हाइकाच्या शेऱ्याच्या पाठोपाठच पडतो, हे त्यातून दिसलं. माझ्या बाबतीत तो तासाभरात पडला. त्यावर परस्पर संमतीने शेरे पुसायची सोय आली तेव्हा तर उट्टं काढणाऱ्याच्या हातात हत्यारच आलं : आधी मारायचं, मग समेट करायचा. दोघांची अळीमिळी गुपचिळी, आणि तिसरा फसायला मोकळा.

आमच्या भागात ही तऱ्हा ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही. संकेश्वर-गडहिंग्लजकडचे मिरचीचे सौदे घ्या, नाहीतर निपाणीचा तंबाखू. वजनात सूट धरली, ओल काढून भाव पाडला, तरी शेतकरी पट्टी घडी घालून खिशात ठेवतो आणि गप्प घरी येतो. कारण पेरणीच्या वेळची उचल त्याच अडत्याकडून घेतलेली असते. बोलला तर पुढच्या वर्षी उचल नाही. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे तंबाखू शेतकरी बोलले ते हजारोंनी महामार्गावर बसून, आणि त्याची किंमत गोळीबारात जिवांनी मोजली. एकट्याने बोलणाऱ्याचं उट्टं काढणं सोपं असतं, हे तिथेही खरं होतं.

कर्नाटकाने २०१४ पासून बाजार समित्यांतले लिलाव ऑनलाइन नेले. तिथे शेऱ्यांचा खेळच नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

ईबेने दुरुस्ती दोन टप्प्यांत केली. मे २००७ मध्ये विक्रेत्याला तारे देण्याची वेगळी पद्धत आली. वस्तू वर्णनाबरहुकूम होती का, बोलणं-चालणं कसं, पाठवायला वेळ किती लावला, पाठवणीचा खर्च वाजवी का, असे चार प्रश्न. तारे कुणी दिले हे विक्रेत्याला दिसत नसे, फक्त सरासरी दिसे. नाव झाकलं की लोक खरं बोलू लागतात हे लक्षात आलं, आणि जानेवारी २००८ मध्ये मोठी घोषणा झाली : मे महिन्यापासून विक्रेत्याला गिऱ्हाइकावर वाईट किंवा मधला शेरा मारताच येणार नाही. शेरे संगनमताने पुसायची सोयही गेली. विक्रेते खवळले. फेब्रुवारीत अनेकांनी आठवडाभर माल न लावता बहिष्कार घातला. निर्णय फिरला नाही.

मी गिऱ्हाईक म्हणून खूश झालो होतो, पण विक्रेत्यांचा राग अगदीच खोटा नव्हता. वडगावात माझ्या ओळखीचे एक विणकर आहेत. मागावरच्या साड्या मुलाच्या मदतीने ऑनलाइन विकतात. मागे एका गिऱ्हाइकाने साडी परत पाठवली. पेटी उघडली तर आत दुसरीच, काठ विरलेली. त्यांनी फोनवर विचारलं तर उत्तर आलं, "पैसे परत द्या, नाहीतर एक स्टार देते." त्यांनी दिले. त्या बाईंबद्दल पुढच्या विणकराला सावध करायला त्यांच्याकडे जागाच नाही. धाक संपला नव्हता, त्याने फक्त बाजू बदलली होती. घरं भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये मधला मार्ग काढला. दोघांनी १४ दिवसांत लिहायचं आणि दोघांचं लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत कुणाचंच उघडायचं नाही. रुमालाखाली बोटं धरून सौदा करणाऱ्या दलालांना ही युक्ती नवी वाटली नसती.

भारतात लिलावाची ही पद्धत बाझी डॉट कॉमने २००० साली आणली आणि २००४ मध्ये ईबेने ती कंपनी विकत घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस एका विक्रेत्याने तिथे विकायला लावलेल्या आक्षेपार्ह चित्रफितीवरून कंपनीच्या प्रमुखालाच अटक झाली. विक्रेत्याच्या पापात साइटचा वाटा किती, हा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आला. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये मध्यस्थाला अटींसह संरक्षण मिळालं. इथल्या ईबेवर ‘पैसापे’ नावाची व्यवस्थाही होती. गिऱ्हाइकाचे पैसे मधे थांबत आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला मिळत. माझ्या मते शेऱ्यांपेक्षा याच व्यवस्थेने जास्त लोक वाचवले, कारण पैसे अडकले की विक्रेत्याची भाषा आपोआप मऊ होते. २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि १४ ऑगस्ट २०१८ ला ती साइट बंद झाली.

मग लोक जुन्या वस्तूंच्या फुकट जाहिरातींकडे वळले. तिथे ना शेरा, ना मधे पैसे थांबवणारा. ‘फौजी आहे, बदली झाली, स्कूटर स्वस्तात काढतोय’ असं सांगून आगाऊ रक्कम किंवा क्यूआर कोड पाठवणारे भामटे देशभर झाले. पण मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या, घरटी एखादा फौजी असलेल्या आमच्या भागात ही थाप जरा जास्तच खपते. आर्मीच्या ओळखपत्राचा फोटो दाखवला की आमचा माणूस वितळतो. अशा वेळी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या नंबरवर लगेच फोन केला तर पैसे गोठवले जाण्याची थोडी आशा असते. दोन दिवस विचार करून केला तर फारशी नाही.

कायद्यातला एक बदल सीमेवरच्या माणसाला विशेष उपयोगाचा आहे. १९८६ च्या ग्राहक कायद्यानुसार तक्रार विक्रेत्याच्या गावी किंवा तक्रारीचं कारण घडलं तिथे करावी लागे. कोल्हापूरच्या विक्रेत्याने बेळगावच्या गिऱ्हाइकाला फसवलं तर तक्रार कुठे लावायची यावरच पहिल्या तारखा जात. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पार्सलवर कुणी ‘बेळगाव, महाराष्ट्र’ लिहो की ‘बेळगावी, कर्नाटक’, पिनकोड ५९० ने सुरू झाला की ते बरोबर येतं, आणि आता तक्रारही त्याच पत्त्यावरून जाते. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. शिवराईचा दावा निदान आपल्या गावात लावता येतो.

जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याने गिऱ्हाईक बनून स्वतःची स्तुती लिहायला मनाई केली आणि तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याभरात द्यायला सांगितलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे गिऱ्हाइकांच्या ऑनलाइन शेऱ्यांसाठीचं मानक आलं. ते मात्र ऐच्छिक ठेवलं. पार्सलमध्ये ‘पाच स्टार द्या, शंभर रुपये मिळवा’ अशी चिठ्ठी अजून निघते.

आणि उट्टं आता पडद्यावर दिसत नाही, ते फोनवर येतं. निपाणीच्या माझ्या आतेबहिणीने गेल्या दिवाळीत एक मिक्सर मागवला. तिसऱ्या दिवशी भांड्याचं बूड गळायला लागलं. तिने फोटोसकट दोन स्टार दिले. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज अगदी नम्र. "ताई, चुकून कमी स्टार पडलेत वाटतं. पत्ता आहे आमच्याकडं तुमचा, माणूस पाठवू का घरी?" घरात ती आणि सासूबाई दोघीच होत्या. फोन ठेवून तिने त्याच पावली दोनाचे चार केले.