सोडून देत रंगवताना: इंट्यूटिव्ह पेंटिंग संचाचं माहितीपत्रक

या संचात नमुन्याचं चित्र मुद्दामच ठेवलेलं नाही. काय काढायचं हे इथे आधी ठरवायचं नसतं. हात ज्या रंगाकडे जाईल तो उचलायचा आणि पुढचं होऊ द्यायचं. ऐकायला सोपं आहे. अडतं ते कागदावरचा एखादा कोपरा छान जमून आला की. दारातली रांगोळी उद्या पुसायचीच असते, म्हणून तिथे बोटं मोकळी चालतात. कागद मात्र राहणार असतो आणि तिथेच हात आखडतो.

कागद भिंतीवर, रंग मधल्या टेबलावर आणि चित्रावर कुणी चकार शब्द काढायचा नाही, अशी मांडणी शिक्षणतज्ज्ञ आर्नो स्टर्न यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये मुलांसाठी केली. त्यांच्या टेबलावर १८ रंग असत. घरी ८ पुरतात.

संचात काय आहे

पोस्टर कलरच्या १०० मिलिच्या ९ बाटल्या (पांढरा दोन, कारण तोच आधी संपतो), १५ × २२ इंचांचे ३०० जीएसएमचे (म्हणजे चांगले जाड) १० कागद, एक इंची चपटे दोन ब्रश, १२ नंबरचे गोल दोन आणि ४ नंबरचा एक. पूर्ण कागदावर एक थर द्यायला साधारण ३० मिलि रंग लागतो, म्हणजे दहाही कागदांवर तीन-तीन थर होतात. तेव्हा रंग जपून वापरू नका. महागडा कागद आणि इवलीशी ट्यूब हातात असली की माणूस काटकसर करतो, आणि काटकसर करताना काही सोडून देता येत नाही.

अ‍ॅक्रिलिक (वाळल्यावर पाण्यात न विरघळणारा रंग) का नाही, हे बरेच जण विचारतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. पंख्याखाली अ‍ॅक्रिलिक ताटलीतच धरतं आणि ब्रशमध्ये वाळलं तर ब्रश गेलाच म्हणायचा. पोस्टर कलर वाळला तरी पाण्यानं पुन्हा ओला होतो. हाच त्याचा दोषही आहे, त्याबद्दल पुढे.

सुरुवात

भिंतीवर प्लास्टिक किंवा जुनी चादर लावा, त्यावर पाठीला पुठ्ठा देऊन कागद चारही कडांनी मास्किंग टेपनं चिकटवा. टेप उन्हाळ्यात चार-पाच दिवस तशीच ठेवली तर डिंक कागदालाच राहतो. रंग दोन भाग, पाणी एक भाग: धिरड्याच्या पिठाइतका सैल. भज्याच्या पिठासारखा दाट लावला तर वाळल्यावर तडे जाऊन पापुद्रे निघतात.

नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे बादलीभर पाणी मांडून बसायची गरज नाही. लिटरभराच्या दोन बरण्या पुरतात, पण ब्रश आधी जुन्या टॉवेलवर पुसायचा आणि मग बुडवायचा. सोलापुरी टॉवेल नवा असेल तर त्याचा धागा रंगात येतो. धुऊन धुऊन विरलेलाच घ्या. ब्रश पाण्यात उभा ठेवून जेवायला जाऊ नये. केस वाकतात आणि दांडा फुगून पत्र्याची पकड ढिली होते.

अडतं कुठे

चित्र मातकट झालं, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. ओल्या लालवर हिरवा किंवा ओल्या केशरीवर निळा फिरवला की राखाडी-तपकिरीच येणार. खालचा थर वाळला असला तरी ब्रश चार-पाच वेळा घासला तर तो विरघळून वर येतो. उन्हाळ्यात पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत वाळतो, पावसाळ्यात तासही लागतो. तोवर दुसऱ्या कागदावर जा. वरचा हात एकदाच, न घासता. आणि चिखल झालाच तर लगेच पांढऱ्यानं झाकू नका. खटकलेलं झाकायची घाई म्हणजेच पकडून ठेवणं.

दुसरी अडचण उलटी: लाडका कोपरा. एक भाग सुरेख उतरतो आणि मग सगळं चित्र त्याला वळसा घालून रंगवलं जातं. ओळखायची खूण अशी, की ब्रश त्या भागाजवळ आला की श्वास रोखला जातो. अशा वेळी सबंध कोपरा पुसायचा नाही. तेही नाटकच होतं. ४ नंबरचा ब्रश घ्या, बाटल्यांमधला सगळ्यात नकोसा रंग घ्या आणि त्या कोपऱ्यातून एक रेघ काढा. कोपरा बिघडेल किंवा बिघडणार नाही. पुढचा हात मात्र सैल पडतो.

ओघळ आला तर अडवू नका. मधेच मोबाइलवर फोटो काढू नका. फोटो काढला की चित्र दाखवायचं होतं आणि हात पुन्हा शहाणा होतो. घरच्यांनाही सांगून ठेवा, की ‘हे काय काढलंय?’ असं विचारायचं नाही. ‘छान आहे’ हेसुद्धा नको.

एका बैठकीला ४५ मिनिटं ते तास पुरे. संपलं असं वाटलं की ब्रश खाली ठेवून तीन मिनिटं उभे राहा. थकल्यामुळे थांबलात की पुढचं करायची भीती वाटली म्हणून, हे तेवढ्यात कळतं.

हा मानसोपचार नाही. झोप उडाली असेल, मन सतत खचलेलं असेल तर डॉक्टरांकडे जा; रंग सोबतीला चालतील.

पूर्ण वाळलेले कागद मधे वर्तमानपत्र घालून आडवे ठेवा आणि आठवडाभर उघडू नका. नंतर पाठीमागची बाजू वापरता येते. सुटे कागद आणि पांढऱ्याची बाटली दुकानात वेगळी मिळते.