नेफ्रोटिक सिंड्रोम: रक्तातल्या ‘त्या’ घटकाचा पन्नास वर्षांचा शोध

मे २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संशोधकांच्या नेतृत्वाखालचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेफ्रोटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार उसळलेला आहे आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू नाहीत, अशा मुलांपैकी ९० टक्के मुलांच्या रक्तात नेफ्रिन या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. बातमी म्हणून हे दोन ओळींत संपतं. त्यामागचा शोध मात्र पन्नास वर्षांचा आहे, आणि तो सुरू झाला तेव्हा संशय अँटिबॉडीवर नव्हता. पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी रक्तात जे रेणू सोडतात, म्हणजे सायटोकाइन, त्यांच्यावर होता.

आजार तसा फार जुना. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसतात, लघवीला फेस येतो, पोट आणि पाय सुजतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे निघून जात असतं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अशा सूज आलेल्या रुग्णांची लघवी तापवली की साकळते हे दाखवून सुजेचा संबंध मूत्रपिंडाशी जोडला. लघवी तापवून बघण्याची ही रीत आजही कित्येक पालकांना घरी करायला शिकवली जाते.

अडचण अशी की सूक्ष्मदर्शकाखाली या मुलांचं मूत्रपिंड जवळजवळ निरोगी दिसे. सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकाराला ‘मिनिमल चेंज’ हे नाव त्यामुळेच पडलं. १९५७ मध्ये मेरिलिन फारक्वार, रॉबर्ट व्हर्नियर आणि रॉबर्ट गुड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तेव्हा कुठे बिघाड दिसला: मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या गाळणीच्या बाहेरून पाय रोवून बसणाऱ्या पोडोसाइट पेशींचे ते बारीक पाय सपाट झाले होते. मूत्रपिंडाच्या इतर काही आजारांत अँटिबॉडींचे थर साचलेले दिसतात, तसे इथे नव्हते. मग हे पाय सपाट कशाने झाले?

१९७४ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट शालूब यांनी ‘लॅन्सेट’मध्ये याचं उत्तर सुचवलं. त्या लेखात नवा प्रयोग नव्हता, होती ती रुग्णांजवळून टिपलेली निरीक्षणं. गोवर आला की काही मुलांची सूज आपोआप उतरते, हे बालरोगतज्ज्ञांनी १९४०च्या दशकातच नोंदवलं होतं, आणि गोवर टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, काही काळ दुबळं करतो. स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं या आजारात लागू पडतात. हॉजकिन्स लिम्फोमा या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या रुग्णांनाही हा आजार होताना दिसतो. आणि मूत्रपिंडात अँटिबॉडी तर नाहीतच. शालूब यांचा निष्कर्ष असा की टी-पेशींचा एखादा गट बिघडतो आणि गाळणीला घातक ठरणारा पदार्थ रक्तात सोडतो. मूत्रपिंडाचा स्वतःचा यात काही दोष नसतो. हाती होतं तेवढ्या पुराव्यावर इतका धाडसी आणि इतका नेटका तर्क वैद्यकात क्वचितच केला गेला असेल.

मग त्या पदार्थाचा माग सुरू झाला. फ्रान्समध्ये जिल्बेर लाग्रू यांच्या गटाने १९७५ मध्ये रुग्णांच्या लसीकापेशींतून (टी-पेशी याच गटातल्या) रक्तवाहिन्या पाझरायला लावणारा एक घटक मिळाल्याचं सांगितलं. १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी रुग्णांच्या टी-पेशींपासून बनवलेल्या संकरित पेशींचा द्रव उंदरांना टोचला आणि त्यांच्या लघवीत प्रथिनं जाऊ लागली. सिंगापूरच्या संशोधकांना आजार उलटलेल्या मुलांच्या टी-पेशींत इंटरल्यूकिन-१३ हे सायटोकाइन वाढलेलं दिसलं, आणि २००७ मध्ये त्यांनी हाच रेणू उंदरांत वाढवून मिनिमल चेंजसारखा आजार घडवला. २०११ मध्ये जवळच्याच एफएसजीएस या, मूत्रपिंडाच्या गाळणीवर जागोजागी व्रण पाडणाऱ्या आजारासाठी सुपार नावाच्या रेणूचं नाव पुढे आलं आणि पुढे त्यावर मोठे मतभेद झाले. प्रत्येक उमेदवाराच्या बाजूने काहीतरी होतं, पण सगळ्या रुग्णांना लागू पडेल असा एकही निघाला नाही.

तरीही रक्तात काहीतरी आहे यावरचा विश्वास ढळला नाही, आणि त्याचं कारण प्रत्यारोपण. एफएसजीएसच्या रुग्णाला बसवलेल्या नव्या मूत्रपिंडात हा आजार काही वेळा लगेच परततो. २०१२ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी असं बिघडलेलं मूत्रपिंड काढून दुसऱ्या रुग्णाला बसवल्याचं प्रसिद्ध केलं. तिथे ते सुधारलं. मूत्रपिंड निर्दोष असल्याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

वळण आलं ते औषधांमुळे. सायक्लोस्पोरिन टी-पेशींना आवरतं म्हणून लागू पडतं, असं धरलं जाई. २००८ मध्ये ते थेट पोडोसाइटचा सांगाडाही सावरतं असं दिसलं. टी-पेशींच्या बाजूचा एक भक्कम वाटणारा पुरावा त्यामुळे सैल झाला. बी-पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, नष्ट करणारं रिटुक्सिमॅब २००४ मध्ये रक्ताच्या दुसऱ्या आजारासाठी एका मुलाला दिलं गेलं आणि त्याचा नेफ्रोटिक सिंड्रोमही आटोक्यात आला. २०१४ मध्ये जपानमधल्या चाचणीने रिटुक्सिमॅबचा उपयोग पक्का केला. स्टेरॉइडमुळे चेहरा गोल झालेल्या, उंची खुंटलेल्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. पण दोष फक्त टी-पेशींचा असेल तर बी-पेशी काढून गुण का यावा?

उत्तराचा दुसरा अर्धा भाग फिनलंडमधून आधीच आला होता. जन्मतःच हा आजार असलेल्या तिथल्या बाळांच्या अभ्यासातून कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने १९९८ मध्ये नेफ्रिनचं जनुक शोधलं. पोडोसाइटच्या शेजारशेजारच्या पायांमधली फट याच प्रथिनाने विणलेली असते. २०२२ मध्ये मिनिमल चेंजच्या काही रुग्णांत नेफ्रिनविरोधी अँटिबॉडी सापडल्या. मूत्रपिंडात त्यांचे जाड थर नव्हते, बारीक ठिपके होते. २०२४च्या अभ्यासात उंदरांना नेफ्रिन टोचून तोच आजार घडवूनही दाखवला गेला.

म्हणजे सायटोकाइन निकालात निघाले का? नाही. बी-पेशीला अँटिबॉडी बनवायला टी-पेशीचीच मदत लागते, आणि ती मदत इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-२१ यांसारख्या रेणूंमधूनच पोचते. शिवाय मिनिमल चेंजच्या प्रौढ रुग्णांत, औषधं सुरू नसतानाही, अँटिबॉडी ६९ टक्क्यांमध्येच मिळाल्या. उरलेल्यांच्या रक्तात काय आहे, याचा शोध चालू आहे.