अपडेटवरचा राग आणि 2017 चे बॅटरी प्रकरण

अपडेट मारले की फोन मंदावतो, हा समज ठाणे स्टेशनबाहेरच्या दुरुस्तीच्या गाळ्यांपासून वाशीच्या सेक्टर 17 पर्यंत कुठेही ऐकू येतो. तो हवेतून आलेला नाही, त्यामागे 2017 मधली खरी घटना आहे: थकलेल्या बॅटरीच्या आयफोनची गती ॲपलने अपडेटमधून, ग्राहकाला न सांगता कमी केली होती. घोळ पुढे झाला. त्या एका प्रकरणाचा राग सगळ्याच अपडेटवर निघाला आणि वेगाशी फारसा संबंध नसलेले सुरक्षा पॅचही (त्रुटी बुजवणाऱ्या छोट्या दुरुस्त्या) लोक टाळू लागले.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. अँड्रॉइडचा मूळ कोड आधी चिप बनवणाऱ्याकडे, मग फोन कंपनीकडे आणि शेवटी ग्राहकाकडे जायचा. प्रत्येक टप्प्यावर महिने जात आणि स्वस्त फोन बहुधा मधेच सोडून दिले जात. 2011 मध्ये बड्या कंपन्यांनी 18 महिने अपडेट देण्याचे एकत्रित आश्वासन दिले, ते विरून गेले. जुलै 2015 मध्ये ‘स्टेजफ्राइट’ त्रुटी उघड झाली. नुसत्या मल्टिमीडिया मेसेजमधून फोनचा ताबा घेता येऊ शकतो, हे कळल्यावर ऑगस्ट 2015 पासून गुगलची मासिक सुरक्षा पत्रके सुरू झाली. अँड्रॉइड 6 पासून पॅचची तारीख सेटिंग्जमध्ये दिसू लागली.

ही तारीख व्हर्जनच्या आकड्यापेक्षा जास्त सांगते. तीत महिन्याची 1 किंवा 5 तारीख असते. 1 म्हणजे अँड्रॉइडच्या स्वतःच्या भागांतल्या दुरुस्त्या आल्या. 5 म्हणजे त्यासोबत कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि चिप बनवणाऱ्यांच्या दुरुस्त्याही आल्या. अँड्रॉइड 15 पण पॅच दीड वर्ष जुना, यापेक्षा अँड्रॉइड 13 आणि गेल्या दोन महिन्यांतला पॅच कधीही बरा. अर्थात तारखेवरही आंधळा विश्वास नको. 2018 मध्ये जर्मन संशोधकांना असे फोन सापडले, ज्यांच्यावर तारीख नवी होती पण त्या तारखेपर्यंतचे काही पॅच बसवलेलेच नव्हते.

आता मूळ वादाकडे. 2016 च्या अखेरीस आयफोन 6 आणि 6एस बॅटरी 30-40 टक्के दाखवत असतानाच अचानक बंद पडू लागले. कारण रासायनिक होते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने क्षणभर जास्त करंट मागितला की व्होल्टेज घसरते, आणि सर्किट वाचवण्यासाठी फोन स्वतःला बंद करतो. आयफोनच्या प्रणालीच्या, म्हणजे आयओएसच्या, जानेवारी 2017 मधल्या 10.2.1 आवृत्तीत यावर उपाय आला: बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरची कमाल गती आवरायची. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. मधेच बंद पडणाऱ्या फोनपेक्षा हळू चालणारा फोन बरा.

पण हे ग्राहकाला सांगितलेच नाही. फोन संथ झाला, लोकांनी तो म्हातारा झाला असे समजून नवा घेतला. खरे तर नवी बॅटरी घालून जुना वेग परत मिळत होता. डिसेंबर 2017 मध्ये वेगचाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा एकाच मॉडेलचे फोन वेगवेगळ्या वेगांच्या गटांत विभागलेले दिसले आणि कंपनीला कबुली द्यावी लागली. माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. भारतात तो 6,500 रुपयांवरून 2,000 रुपये अधिक कर इतका झाला. मार्च 2018 च्या आयओएस 11.3 मध्ये ‘बॅटरी हेल्थ’ हा पर्याय आला आणि गती आवरणे बंद करण्याची सोयही. 2020 मध्ये फ्रान्समध्ये कंपनीला 2.5 कोटी युरोचा दंड झाला, तो ग्राहकांना माहिती दिली नाही म्हणून. जुन्या आवृत्तीवर परतायची वाट बंद असल्याने संताप आणखी वाढला होता, आणि तो रास्तच होता.

त्याच वर्षी, जून 2017 मध्ये, नवी मुंबईच्या दारात अपडेट टाळण्याचा धोका दाखवणारे उलटे उदाहरण घडले. न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक जागतिक सायबर हल्ल्यात ठप्प झाले आणि कंटेनरची चढउतार खोळंबली. हल्ल्याने वापरलेल्या विंडोजमधल्या त्रुटीचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. गंमत म्हणजे हा व्हायरस सुरुवातीला पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक हीच घटना पुरावा म्हणून पुढे करू शकतात.

अँड्रॉइडची रचनाही तेव्हाच बदलली. 2017 च्या अँड्रॉइड 8 मध्ये मूळ प्रणाली आणि चिपचा कोड वेगळे झाले. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून काही भाग थेट प्ले स्टोअरमार्गे येतात. म्हणूनच ‘अबाउट फोन’मध्ये दोन तारखा दिसतात: सिक्युरिटी अपडेट आणि गुगल प्ले सिस्टम अपडेट. दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

2022 मध्ये अपडेटची गरज अगदी साध्या कारणाने पटली. 1 ऑक्टोबरला देशात 5जी सुरू झाले, तरी अनेक 5जी फोन 4जीवरच अडकले, कारण कंपन्यांनी सॉफ्टवेअरमध्ये सोय उघडलेली नव्हती. आयफोनला ती डिसेंबरच्या आयओएस 16.2 ने मिळाली.

मोठ्या अपडेटनंतर फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. कारण ॲप नव्याने जुळवली जातात, फोटोंची यादी पुन्हा बनते. दोन-तीन दिवसांनीही तीच गत असेल, तर बॅटरी तपासा. कमाल क्षमता 80 टक्क्यांखाली असल्यास दोष बहुधा तिचाच. अपडेटआधी बॅकअप, निम्म्याहून जास्त चार्ज आणि काही जीबी मोकळी जागा हवी. स्टोरेज काठोकाठ भरलेल्या फोनवर अपडेट अर्धवट अडकते. मुख्य व्हर्जन दोन-तीन आठवडे थांबून घेतले तरी चालते, मासिक पॅचला तसा उशीर नको.

तक्रारी थांबलेल्या नाहीत. जानेवारी 2025 मध्ये आयओएस 18 नंतरच्या अडचणींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण यंत्रणेने ॲपलला नोटीस काढली. दुसरीकडे 2023 पासून महागड्या फोनना सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन मिळू लागले, आणि युरोपमध्ये जून 2025 पासून मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट देणे बंधनकारक झाले. कंपन्यांनी स्वतःहून दिलेली मुदत मात्र साधारणपणे मॉडेल बाजारात आल्याच्या तारखेपासून धावते. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षे जुने मॉडेल घेतले, तर चार वर्षांच्या आश्वासनातली दोनच हाती उरतात.