पार्श्वभूमी : गनिमी होण्याआधीचा कावा

घोड्यावर न बसता जमिनीवरून त्याच्याकडून करून घेतलेल्या कामाला हल्ली सगळे 'ग्राउंडवर्क' म्हणतात. पुण्याच्या आसपासच्या रायडिंग क्लबांत ते परदेशी शास्त्र म्हणून शिकवलं जातं. ते निम्मंच खरं आहे. १९८०-९० च्या दशकांत अमेरिकेच्या पश्चिम भागातले घोडेवाले गोल कुंपणातल्या कामाची प्रात्यक्षिकं गावोगाव करत फिरले आणि आज आपल्याकडे दिसणाऱ्या व्हिडिओंचं मूळ तिथं आहे. त्याआधी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये घोड्याला दोन खांबांच्या मध्ये बांधून, पाठीवर कोणी नसताना, एका जागी पावलं उचलायला शिकवत. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध रायडिंग स्कूलचे पांढरे घोडे आजही लांब लगामावर, मागून चालणाऱ्या माणसाच्या हातात काम करतात.

पण दोरीवर घोडा गोल फिरवायला मराठीत जुना शब्द आहे : कावा. फारसीतून आलेला. कावा देणं म्हणजे घोड्याला मंडलात फिरवणं. जुन्या कोशांत हा अर्थ सापडतो, हिंदीत 'कावा काटना' अजून शिल्लक आहे. आपल्याकडे मात्र कावा म्हटलं की गनिमी कावाच, आणि मग डाव, कपट, झाडीतून छापा. गनीम म्हणजे शत्रू, आणि मराठ्यांना गनीम म्हणणारे होते मोगल. तेव्हा हे नाव आपण स्वतःला दिलेलं नाही, समोरच्यानं दिलेलं आपण अभिमानानं घेतलं. समोरून न भिडता शत्रूभोवती घिरट्या घालायच्या, त्याला दमवायचं, हवा तिकडे वळवायचं. माझ्या मते दोन्ही अर्थांना जोडणारा धागा हाच. काहींना हे ओढूनताणून वाटतं. 'कावा'चा मूळ अर्थच फसवणूक, असं ते म्हणतात. पण त्यांनी एकदा वीस फुटांच्या दोरीच्या टोकाला उनाड शिंगरू धरून पाहावं. कोण कोणाला फिरवतंय हे पहिली दहा मिनिटं कळत नाही. शब्द लढाईकडे गेला आणि धंद्याचा अर्थ पुसला गेला, म्हणून आज तबेल्यात 'लंजिंग' म्हणावं लागतं. (सामान्यरूपाचीही पंचाईत आहेच : 'काव्यावर घोडा' म्हटलं तर लोक कविता शोधतील.)

पाठीवर कोणी नसताना घोडा शिकलेला कसा दिसतो, हे पाहायला परदेशात जायला नको. आळंदीहून निघणाऱ्या पालखीबरोबरचे दोन अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून येतात. एकावर झेंडेकरी स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्यावर कोणी बसत नाही. पुरंदवडे, खुडूस, ठाकूरबुवांची समाधी इथल्या गोल रिंगणांत टाळमृदंगाच्या गजरात, हजारोंच्या गर्दीत तो धावतो, आणि टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. भक्तांसाठी ही श्रद्धेची गोष्ट, ती आहेच. घोडेवाल्याला मात्र त्यात आधीची तयारी दिसते.

हातावर, म्हणजे वर न बसता दोरीनं धरून, घोडा दाखवण्याची गोष्ट अलीकडे जास्त गुंतागुंतीची झाली. सारंगखेड्याची, तापीकाठची दत्तजयंतीची यात्रा जुनी. तिथं घोडा हातात धरून पळवून दाखवणं म्हणजे सरळ विक्री होती : चाल बघ, दात बघ, भोवरे बघ, भाव कर. गेल्या दहाएक वर्षांत तिला महोत्सवाचं रूप आलं आणि सौंदर्याच्या, नाचाच्या स्पर्धा आल्या. मारवाडी घोड्यांच्या प्रदर्शनांत दातांवरून गट पाडायची पद्धत आहे. घोडा अडीच वर्षांच्या सुमारास पहिले दोन दुधाचे दात टाकतो, साडेतीनला पुढचे दोन, साडेचारला शेवटचे. दोन दातांच्या आतलं जनावर स्वारीला कच्चंच, त्यामुळे त्याला हातावरचा गट हाच योग्य. वयानं किंवा गुडघ्यांमुळे स्वारी सुटलेल्या मालकालाही तोच बरा पडतो. दहा-पंधरा मिनिटं शांत चालणं, थांबणं, मागे सरणं, चारही पाय समान टेकवून चौकोनी उभं राहणं, यात मजा नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ते केलेलं नसतं.

वाद आहे तो नाचाचा. ढोलावर, कधी खाटेवर चढून नाचणारी घोडी हे हातावरच्या कामाचंच शिखर, असं शौकीन मानतात. मला ते पटत नाही. खांबांमधल्या त्या जुन्या कामात आणि यात तंत्राचं साम्य आहे हे कबूल, पण लगाम तोंडात ओढलेला, डोळ्यांचं पांढरं दिसतंय आणि भोवती डीजे, याला मी शिकवणं म्हणणार नाही. शिवाय नाचाच्या गर्दीपुढे साध्या चालीच्या गटाला प्रेक्षक उरत नाहीत.

आणि आता त्यात भीमथडी आली. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं हे घोडं देशातली आठवी जात म्हणून अधिकृत नोंदलं गेलंय. मारवाडीपेक्षा ठेंगणं, कानांची टोकं एकमेकांना न टेकणारं. मारवाडीच्या मापानं पाहणारा परीक्षक त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. पण धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तळाबरोबर, दिवाळीनंतर घाट उतरणारी घोडी बिऱ्हाड, भांडी आणि वर नुकतं जन्मलेलं कोकरू घेऊन, दोरी सैल असताना मैलोगणती चालते. तिच्यावर स्वार होण्याचा प्रश्नच नसतो, पाठीवर जागा कुठे असते?