ईएचआर बदलताना जुन्या नोंदी का अडकतात

अमेरिकेतले एखादे क्लिनिक आपली ईएचआर प्रणाली, म्हणजे रुग्णांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर, बदलायला निघाले की पहिले काही आठवडे नव्या सॉफ्टवेअरचे डेमो बघण्यात जातात. पण बदल सुरळीत होणार की नाही, हे बहुतेक वेळा जुन्या प्रणालीतून काय बाहेर निघते यावर ठरते. ते काढणे इतके अवघड का, याची मुळे फार मागे जातात.

१९६६-६७ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मम्प्स ही संगणकभाषा तयार झाली. माहिती साठवायची सोय या भाषेतच होती, आणि साठवण तक्त्यांत नव्हे, तर झाडाच्या फांद्यांसारखी होती. त्या काळच्या तुटपुंज्या मेमरीत ती वेगाने चाले. अडचण एकच : कोणत्या फांदीवर काय ठेवले आहे, हे प्रणाली बांधणाऱ्यालाच ठाऊक. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांची व्हिस्टा आणि १९७९ मध्ये सुरू झालेल्या एपिक कंपनीची ईएचआर, दोन्ही याच पायावर उभ्या राहिल्या. दरम्यान १९६८ मध्ये डॉ. लॉरेन्स वीड यांनी केसपेपर रुग्णाच्या समस्यांनुसार लिहावा, असे मांडले. आजची प्रॉब्लेम लिस्ट ही त्यांचीच देणगी. हे सगळे काम मोलाचे होते, पण एका संस्थेच्या चार भिंतींत वापरण्यासाठी केलेले होते. रुग्णाची पूर्ण नोंद कधी दुसऱ्या प्रणालीत न्यावी लागेल, हा विचार त्या रचनेत नव्हता.

१९८७ मध्ये आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीचे मानक ठरवणारी एचएल७ ही संस्था निघाली आणि तिच्या मानकामुळे प्रणाली एकमेकींशी बोलू लागल्या. पण ते बोलणे निरोपांचे होते : रुग्ण दाखल झाला, रिपोर्ट आला. वीस वर्षांचा केसपेपर निरोपात मावत नाही.

मग २००९ मध्ये हायटेक कायदा आला. ठरलेल्या पद्धतीने ईएचआर वापरणाऱ्या डॉक्टरला मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेकडून पाच वर्षांत ४४,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळू लागले, आणि न वापरणाऱ्याच्या देयकात २०१५ पासून कपात सुरू झाली. पहिल्या टप्प्यात १५ अनिवार्य निकष आणि १० पैकी ५ निवडीचे, अशी अट होती. कंपन्यांनी निकष पूर्ण होतील अशी सॉफ्टवेअर बनवली, डॉक्टरांनी मुदत चुकू नये म्हणून ती घाईत घेतली. करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे कलम अनेक करारांत धड लिहिलेच गेले नाही. आज प्रणाली बदलताना जी रक्कम आणि जे महिने जातात, त्यांतला मोठा भाग त्या घाईचा हिशेब आहे.

२०१६ च्या ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स कायद्याने माहिती अडवून धरण्यावर बंदी घातली. त्यातून पुढे आलेल्या नियमामुळे प्रमाणित ईएचआरना ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत एका रुग्णाची आणि सर्व रुग्णांची संपूर्ण नोंद बाहेर काढण्याची सोय द्यावी लागली. एका रुग्णाची फाइल क्लिनिकला कंपनीच्या मदतीशिवाय काढता आली पाहिजे. सगळ्यांची एकत्र काढताना मात्र कंपनीचा हात लागू शकतो. इथे बारकाईने वाचावे : फाइल संगणकाला वाचता यावी आणि तिच्या रचनेची माहिती जाहीर असावी, एवढेच बंधन आहे. ती रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते, आणि नवी कंपनी ती उचलेलच असे नाही. नव्या कंपनीला ‘आयात होते का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘आमच्या सध्याच्या प्रणालीच्या निर्यात फाइलमधून कोणते रकाने कोणत्या रकान्यांत जातात’, हे लेखी मागावे.

सी-सीडीए, म्हणजे रुग्णाच्या नोंदीचा सारांश ठरलेल्या साच्यात देणारी फाइल, हिच्यावर विसंबणाऱ्यांची निराशा इथेच होते. तिच्यात निदान, औषधे, ॲलर्जी, लसी, तपासण्या येतात. पुढच्या अपॉइंटमेंट, तपासणीसाठी परत बोलवायच्या रुग्णांच्या याद्या आणि बिलांची बाकी सहसा येत नाही.

जे येते तेही तपासावे लागते. समजा, जुन्या प्रणालीत कुणीतरी ॲलर्जीच्या रकान्यात यादीतून औषध न निवडता ‘पेनिसिलिन, लहानपणी अंगावर पुरळ’ असे टाइप केले आहे. यादीतल्या औषधाचा कोड नसल्यामुळे नवी प्रणाली ते वाक्य टिपणात टाकते. पडद्यावर ते दिसते, पण पेनिसिलिनच्याच गटातले अमॉक्सिसिलिन लिहिताना इशारा येत नाही. अशा नोंदी माणसानेच एकेक करून कोडमध्ये आणाव्या लागतात. तपासण्यांचेही तसेच. मधुमेहाच्या एचबीए१सी या रक्ततपासणीचा लॉइंक (तपासण्यांना सर्वत्र एकच क्रमांक देणारी पद्धत) कोड ४५४८-४. जुन्या प्रणालीत प्रयोगशाळेचा स्वतःचा कोड असेल आणि जुळवणी केली नसेल, तर दहा वर्षांचा आलेख नव्या प्रणालीत पहिल्या दिवसापासून सुरू झाल्यासारखा दिसतो. स्कॅन केलेली पाने तर हजारो क्रमांकित फाइलींच्या रूपाने येतात. कोणती फाइल कोणत्या रुग्णाची, कोणत्या तारखेची, हे सांगणारी सूची सोबत नसेल तर तो निव्वळ ढीग.

जुळवणी चुकली की काय होते, हे वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनच्या माजी सैनिक रुग्णालयात दिसले. तिथे ऑक्टोबर २०२० मध्ये नवी प्रणाली सुरू झाली. डॉक्टरांनी लिहिलेल्या तपासण्या-उपचारांच्या ज्या ऑर्डरचे ठिकाण प्रणालीला ओळखता आले नाही, त्या लिहिणाऱ्याला न कळवताच एका अज्ञात रांगेत जाऊन पडल्या. माजी सैनिक खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालानुसार अशा ऑर्डर ११,०००हून अधिक होत्या आणि त्यातून रुग्णांना इजाही झाली.

म्हणून करारावर सही करण्याआधी २०-२५ रुग्णांची चाचणी आयात करून घ्यावी, आणि त्यात मुद्दाम अवघड रुग्ण निवडावेत : पंधरा औषधे घेणारा, आडनाव बदललेली, एकाच नावाचे दोघे, दोनदा नोंदलेला. डॉक्टरने स्वतः जुनी आणि नवी नोंद शेजारी ठेवून पाहावी. नियंत्रित (व्यसन लागू शकणाऱ्या) औषधांच्या ई-प्रिस्क्रिप्शनसाठी डॉक्टरची ओळखपडताळणी बहुधा नव्याने लागते, विमा कंपन्यांकडे बिले पाठवण्यासाठीची इलेक्ट्रॉनिक नोंदणीही नव्याने करावी लागू शकते. दोन्ही कामे काही आठवडे आधी हातात घ्यावीत, नाहीतर रुग्ण येत राहतात आणि पैसे येत नाहीत. जुनी बिले जुन्याच प्रणालीत वसूल करून संपवणे सोपे पडते. त्यासाठी आणि जुन्या नोंदी पाहण्यासाठी ती काही महिने तरी चालू ठेवावी, त्याचे शुल्क आधीच ठरवावे. थकबाकीच्या वादात जुन्या कंपनीने रुग्णांच्या नोंदींचा प्रवेश बंद करणे हिपा या रुग्ण-माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याच्या नियमांत बसत नाही, हे वाटाघाटीला बसताना लक्षात असू द्यावे.