नंबर तोच आहे, पण नस कुणी पाहिली?

ठाण्यात गोखले रोडवर चष्म्याचा नंबर दहा मिनिटांत काढून मिळतो. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतल्या रविवारच्या शिबिरातही बहुधा नंबर आणि मोतीबिंदू एवढंच पाहतात. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली की माणूस खूश. काचबिंदू या ओळीच्या वाटेला बराच काळ जातच नाही. तो आधी कडेची नजर खातो, तीही बहुतेकदा न दुखता. गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे थेंब फक्त उरलेली राखतात.

डोळ्यात आत सतत पाणी तयार होतं आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. मोरी तुंबावी तशी ही जाळी तुंबली की दाब वाढतो आणि डोळ्यातलं दृश्य मेंदूकडे नेणारी मागची नस हळूहळू मरते. नसेचं हे मरणं म्हणजेच काचबिंदू. साधारण दाब १० ते २१ मिलिमीटर पारा धरतात, पण २१च्या आत असूनही नस खराब झालेले पेशंट पुष्कळ असतात. म्हणून नुसता 'प्रेशर नॉर्मल' हा शेरा मला अपुरा वाटतो.

दाब मोजायला हवेचा फटका मारणारं मशीन चाळणीपुरतं ठीक. पक्क्या मोजणीसाठी डोळा बधिर करून पिवळा रंग घालतात आणि निळ्या उजेडात छोटा शंकू कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, टेकवतात. डॉक्टरांना दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. डायल फिरवत त्यांच्या आतल्या कडा भिडवल्या की डायलच्या आकड्यावरून दाब कळतो. कॉर्निया पातळ असेल तर हाच आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, म्हणून त्याची जाडीही मोजतात.

खरा निकाल नस पाहूनच लागतो. भिंगातून निचऱ्याचा कोपरा तपासला की थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि नसेतला खळगा किती रुंदावलाय ते बघतात. नंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्कूटर घरीच ठेवा. शंका आली तर नसेचा ओसीटी स्कॅन, म्हणजे उजेडाने थरांची जाडी मोजणं, आणि कडेची नजर तपासणारी फील्ड टेस्ट. या टेस्टमध्ये ठिपका दिसला की बटण दाबायचं, एवढंच. बऱ्याच काकू बाहेर येऊन 'नापास झाले' म्हणतात. पण मशीन मुद्दामच ठिपके दिसेनासे होईपर्यंत मंद करत नेतं.

चाळिशी उलटलेल्यांनी, मोठा मायनस नंबर असलेल्यांनी ही तपासणी करून घ्यावी. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत काचबिंदू असेल तर टाळूच नये. आणि डोळे लाल झाले की मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब! खाज थांबते, म्हणून लोक महिनोन्‌महिने घालतात. दाब वाढतोय हे त्यांना कळत नाही. अशांत शाळकरी मुलंही असतात.